हंडीचं नाव

यंदा दिवाळी होऊन महिना उलटला तरी थंडीचा पत्ता नव्हता. हिंगोलीच्या बाजारात जो तो तीच तक्रार करत होता. कुणाला हरभऱ्यासाठी थंडी हवी होती, कुणाला गव्हासाठी, कापडवाल्याला स्वेटर खपावेत म्हणून. वाट मीही पाहत होते. परवा सकाळी नळाचं पाणी हाताला चावलं आणि मी नवऱ्याला म्हटलं, येत्या रविवारी हंडी. त्यानं पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, बाभळीची लाकडं सांगून ठेवतो. एवढ्यावर आमचं बोलणं झालं.

आमचं घर कॉलनीच्या कोपऱ्यावर आहे. थंडीत सगळ्यांची दारं-खिडक्या बंद असतात आणि हंडीच्या रविवारी माझी सताड उघडी असतात. वासाला जिथवर जायचं तिथवर जाऊ दे. पहिल्या वर्षी शेजारच्या वहिनी कुंपणाशी आल्या आणि म्हणाल्या, काय शिजवून राहिलात, मोठा घमघमाट सुटलाय. मी म्हटलं, डुक्कर. त्यांनी चटकन पदर नाकाला लावला. त्याआधी दोन मिनिटं त्याच नाकानं त्या वास घेत उभ्या होत्या. तेव्हापासून हंडीच्या रविवारी त्या माहेरी जातात. जाऊ देत बापड्या, माहेरी जायला बाईमाणसाला काहीतरी निमित्त लागतंच.

बोकड खाणारे लोक मोठ्या आवाजात सांगतात. कोंबडी खाणारे तर सांगत सुटतात. डुकरावर आलं की माणसं आवाज खाली आणतात, इकडंतिकडं बघतात, ‘ते’ म्हणतात. मीही कित्येक वर्षं ‘ते’ म्हणत होते. आता म्हणत नाही. मला ही सवय एका थंडीनं लावली आणि ती थंडी दरवर्षी परत येते, म्हणून हे लिहायला बसले.

मी वडाराची पोर. बा खदानीवर दगड फोडायचा आणि त्यातले बरे दगड निवडून पाटे-वरवंटे घडवायचा. माय गावोगाव फिरून लोकांच्या पाट्यांना आणि जात्यांना टाकी लावून द्यायची, म्हणजे वापरून गुळगुळीत झालेला दगड छिन्नीनं ठोकून पुन्हा खरखरीत करायची. पुढं घरोघरी मिक्सर आले आणि तिचं फिरणं थांबलं, पण छिन्नी-हातोडीची पिशवी तिनं कधी खुंटीला टांगून ठेवली नाही. आमच्या घरामागं चार-सहा डुकरं असायची. शाळेच्या वाटेवर पोरं आम्हा भावंडांना पाहून डुकराचा आवाज काढायची. आवाज मात्र हुबेहूब काढायची, तो पाळणाऱ्यांनाही तसा जमायचा नाही.

डुक्कर घाण खातं, हे मला शिकल्या-सवरलेल्या माणसांनी इतक्यांदा सांगितलं आहे की जणू मी ते कधी पाहिलंच नव्हतं. आमची डुकरं ज्वारीचा कोंडा खायची, बाजार उठल्यावर उरलेला भाजीपाला खायची, हरभऱ्याचा भुसा खायची. माझी माय त्यांची जागा रोज झाडायची. मोकाट कोंबडी उकिरड्यावर काय टिपते ते कुणी विचारत नाही, तिला गावरान म्हणून जास्तीचं मोल मिळतं. हे वाद मी पूर्वी मनातल्या मनात घालायचे आणि मनातल्या मनातच जिंकायचे.

हंडीचं सांगते. पुढचा फरा लागतो, म्हणजे खांद्याचा भाग, हाडासकट आणि कातडीसकट. केस जाळून, कातडी सुरीनं खरवडून, हळद लावून धुवायची. मग जाडं मीठ, ठेचलेला लसूण, वाळल्या लाल मिरच्या आणि मूठभर वाळवलेला अंबाडीचा पाला. गरम मसाल्याचं काम नाही. पाण्याचा थेंबही नाही, कारण चरबी आपलं आपण सुटते आणि मांस तिच्यातच शिजतं. हे सगळं मातीच्या हंडीत भरायचं, वर परळ, म्हणजे मातीचं पसरट झाकण, ठेवायचा आणि फट कणकेनं लिंपून टाकायची. नुसत्या ज्वारीच्या पिठानं लिंपलं तर ते तडकतं, म्हणून कणीकच घ्यायची.

जाळ बाभळीचाच. तुरीच्या तुराट्या भडकन पेटतात आणि चटकन विझतात, त्यांच्यावर फार तर चहा करावा. खड्ड्यात बाभळीचा इंगळ पाडायचा, त्यावर हंडी, तिच्या भोवती गोवऱ्या आणि परळावरही चार निखारे. दिवस उजाडायच्या आत हंडी बसली पाहिजे. मग दुपार कलेपर्यंत तिला हात लावायचा नाही, फक्त ऐकायचं. आधी ती खदखदते, मग चुरचुरते, आणि शेवटी गप होते. गप झाली की झालं. त्याआधी उघडणाऱ्याला माय चुलीजवळ बसू देत नसे.

उघडली की हाड धरून ओढायचं. शिजलं असेल तर ते धुतल्यासारखं स्वच्छ हातात येतं. मग मांस बोटांनी दोरे दोरे करून सुटं करायचं. आमच्या घरी याला उसवणं म्हणतात. सुरी लावायची नाही. फोडी केल्या तर मोठी फोड कुणाला गेली यावरून भांडणं होतात, उसवलेल्यात मोठं-लहान असं काही राहत नाही. उसवलेलं सगळं हंडीतल्याच रसात परत कालवायचं, थोडा वेळ झाकायचं आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खायचं. माझा एक भाचा पुण्याला मोठ्या हॉटेलात भटारखान्यात आहे. तो सांगतो, तिथंही डुकराचा खांदा दिवसभर मंद आचेवर ठेवतात आणि काट्यानं उसवून पावात भरतात. लोक रांग लावून खातात म्हणे, आणि फोटोही काढतात. मी त्याला विचारलं, तिथं कुणी नाकाला पदर लावतं का?

एक रीत सांगायची राहिली, आणि हा सगळा लेख त्या रीतीचाच आहे. हंडीची कणीक फोडण्याआधी तिच्यात काय आहे ते मोठ्यानं सांगायचं. आमच्यात त्याला हंडीचं नाव घेणं म्हणतात. ज्यानं हंडी बसवली त्यानंच नाव घ्यायचं, दुसऱ्यानं नाही. नाव घेतल्यावर क्षणभर थांबायचं. ज्याला खायचं नसेल तो उठून जातो, आणि त्याला कुणी काही म्हणत नाही.

मी सात-आठ वर्षांची असताना आम्ही शिरड शहापूरकडच्या एका खदानीवर राहत होतो. तिथं नाना तऱ्हेचे लोक होते. तांड्यावरचे दोन भाऊ गाडी भरायला यायचे, ट्रकवर दोघं मुसलमान ड्रायव्हर होते, शेतमालकाचा माळकरी राखणदार होता. एका थंडीत बानं हंडी बसवली आणि दुपारी सगळे वासानं गोळा झाले. बा उभा राहिला आणि ओरडला, “डुकराचं हाय वो, ज्याला चालत न्हाई त्यानं उठावं.” ड्रायव्हर दोघंही उठले, थोडं लांब जाऊन आपले डबे उघडून बसले. राखणदारही उठला. तांड्यावरचे भाऊ बसून राहिले आणि त्यांनी मागून मागून खाल्लं. नंतर सगळ्यांनी मिळून चहा घेतला. मी बाला विचारलं, ओरडून काहून सांगितलं, तिघं उठून गेले की. बा म्हणाला, “कुनाच्या तोंडात आपुन चोरून काय घालायचं न्हाई, सुनिते. आन आपलं आपुन चोरून खायचं बी न्हाई.”

मी डी.एड.ला गेले तेव्हा यातलं दुसरं वाक्य वसतिगृहाबाहेर ठेवून आत शिरले. मुली कोण काय खातं ते बोलत बसायच्या. माझी पाळी आली की मी म्हणायचे, आमच्यात मटण असतं कधीमधी. एका मुलीनं विचारलंच की तुमच्यात ‘ते’ खातात ना. मी म्हटलं, पूर्वी खायचे, आता बंद केलं. घरी गेले की हंडीवर आडवा हात मारायचे आणि वसतिगृहात परतताना दोनदा साबणानं हात धुवायचे. दोन वर्षं अशी गेली. मला त्याची लाज वाटते. पोरींच्या कुजबुजण्याची तेव्हा जितकी वाटायची, त्याहून जास्त.

मग नोकरी लागली. जिल्हा नवा नवा होता, हिंगोलीचा वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. शिक्षणसेवक म्हणून मला गोरेगावजवळच्या एका खेड्यात शाळा मिळाली. माय-बा तोवर हिंगोलीत राहायला आले होते, पण तिथून रोज जीपनं ये-जा करायची म्हणजे अर्धा दिवस रस्त्यात जायचा, म्हणून गोरेगावात खोली बघितली. एकट्या पोरीला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. आठ दिवस हिंडले. शेवटी गयाकाकूंनी परसातली एक खोली दिली. काकू पन्नाशीच्या, घरची शेती, बोलायला मोकळ्या. त्यांनी माझी जात विचारली नाही, फक्त मटण खाते का ते विचारलं. मी जरा बिचकत हो म्हटलं, तर त्यांचा चेहरा खुलला. काकांच्या गळ्यात माळ होती, घरात लसूणसुद्धा मोजून पडायचा, आणि काकूंना तर मटणाशिवाय राहवत नव्हतं. त्या म्हणाल्या, तुमी केलं की मला वाटीभर देत जा, मागच्या दारानं. पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा मी बोकडाचं मटण केलं आणि चारही वेळा वाटी मागच्या दारानं गेली. खोलीला ऊन यायचं, विहिरीचं पाणी होतं, आणि संध्याकाळी दाराशी बसून बोलायला काकू होत्या. मला तिथं घर मिळालं होतं.

पौषात मायनं निरोप धाडला. आमच्यात घरातलं कुणी कमावतं झालं की पहिल्याच थंडीत त्याच्या हातची हंडी बसते, आणि ती जिथं तो कमावतो तिथंच बसते. भावाची खदानीवर बसली होती. मी निरोप उलटा धाडला की मीच हिंगोलीला येते, तिथं करू. मायनं तो ऐकला नाही. शनिवारी संध्याकाळी ती जीपमधून उतरली तेव्हा तिच्या डोक्यावर हंडी होती, हातात फऱ्याचा डबा होता आणि खांद्याला छिन्नीची पिशवी. मी डबा घाईघाईनं आत नेला. तिनं ते बघितलं.

रविवारी दिवस उजाडायच्या आत मी परसात खड्डा केला आणि हंडी बसवली. सगळं माझ्या हातानं, माय फक्त ओट्यावर बसून बघत होती. बोटं थंडीनं वळत नव्हती, इंगळाजवळ नेली की चटका बसत होता. सकाळी काका शेतावर गेले. काकूंनी मायला चहा दिला. मायचं लक्ष त्यांच्या पाट्याकडं गेलं. पाटा आरशासारखा गुळगुळीत झाला होता. मायनं न विचारता पिशवीतून छिन्नी काढली आणि टाकी लावायला बसली. मला वाटलं, झालं, आता जात कळली. कळलीच. काकू म्हणाल्या, वडाराच्या का तुमी, मग सांगायचं ना बाई, आमच्या सासूच्या वेळची जात्याला टाकी लावणारी बी वडारीणच होती. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी मायला सुपारी दिली आणि दोघी पाट्याशेजारी गप्पा मारत बसल्या.

वास मात्र पसरत गेला. दुपारच्या सुमारास काकू हंडीपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, कशाचं हाय वो बाई, बोकडाचं असा वास कधी आला न्हाई. वडारांकडं काय शिजतं ते त्यांनाही माहीत असणार. म्हणूनच त्या विचारत होत्या. मी म्हटलं, बोकडाचंच आहे काकू, फक्त आमची रीत वेगळी आहे. त्यांनी मान डोलावली. मी शाळेतली बाई, मी कशाला खोटं बोलेन. त्या म्हणाल्या, उघडली की हाक मारा, मी ताटच घेऊन येते, आज वाटीनं भागायचं न्हाई.

पाट्यावरची ठकठक थांबली होती. काकू आत गेल्या तशी माय माझ्याकडं वळली. “हंडी तुह्या हातची हाय. नाव बी तुलाच घ्यावं लागंल.”

मी तिला म्हटलं, खोली जाईल. आठ दिवस हिंडले तेव्हा ही मिळाली. आपण काकूंना काहीतरी सांगून टाळू, दार लावून आत खाऊ, कुणाला काही कळणार नाही. माय ऐकत होती. मी आणखीही बरंच बोलले, की गावात बोभाटा होईल, शाळेपर्यंत जाईल, पोरांचे आईबाप काय म्हणतील. ती म्हणाली, “ते तुहं तू बघ. म्या तोंड उघडनार न्हाई.” आणि पुन्हा ठोकायला लागली. मला तिचा असा राग आला की विचारू नका. तिनं एका वाक्यात सांगून टाकलं असतं तर मी तिच्यावर ढकलून मोकळी झाले असते. माय काय, अडाणी आहे, बोलून गेली, असं म्हणता आलं असतं. तिनं ती वाटच ठेवली नाही.

दुपार कलली आणि हंडी गप झाली. मी हाक मारली नव्हती, तरी काकू आल्या. त्यांच्या हातात ताट होतं आणि फडक्यात बांधलेल्या चार भाकरी होत्या. दोन तुमच्या मायला, दोन तुमाला, असं म्हणून त्या इंगळाशेजारी उकिडव्या बसल्या. भाकरी ताज्या होत्या, फडक्यातून वाफ येत होती. मायनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. ती माझ्याकडं बघतही नव्हती, समोरच्या शेवग्याकडं बघत होती.

मी सुरी घेतली आणि कणकेला टेकवली. एवढंच करायचं होतं, फोडायची आणि वाढायची. काकूंनी खाल्लं असतं, बोटं चाटली असती, आणखी मागितलं असतं. त्यांना मरेपर्यंत कळलं नसतं. मला मात्र रोज संध्याकाळी त्यांच्याशेजारी दाराशी बसावं लागलं असतं. ज्या बाईनं आपल्या हातच्या भाकरी आणल्या तिला मी फसवून ते खाऊ घालणार होते, जे तिनं जाणूनबुजून कधी तोंडात घातलं नसतं. आणि स्वतःच्या घरचं अन्न मी चोरीच्या मालासारखं वाढणार होते. एका वेळी काकूंचा आणि मायचा, दोघींचा अपमान.

“काकू, हे डुकराचं आहे,” मी म्हटलं. “मघाशी मी खोटं बोलले.”

मोठ्यानं म्हणाले. हंडीचं नाव मोठ्यानंच घ्यायचं असतं. माझा आवाज इतका चढला की कुंपणापलीकडची कुत्री उठली. मग रीतीप्रमाणे मी थांबले.

काकूंनी ताट बाजूला ठेवलं, मग उचललं. त्या मायकडं बघत होत्या, माझ्याकडं नाही. शेवटी उठल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळं मला जास्त लागलं. त्या म्हणाल्या, “सांगितलं ते बरं केलं, बाई. पन आता हितं न्हाई राहता येनार. तुमच्या काकाच्या गळ्यात माळ हाय.”

माळ तर बोकडाच्या वेळीही होतीच. हे माझ्या जिभेवर आलं होतं आणि आजही येतं. मी बोलले नाही, कारण तो त्यांच्या घरातला प्रश्न होता आणि मागच्या दारानं गेलेल्या वाट्या मी पुढच्या दारात आणणार नव्हते. भाकरी त्या तिथंच ठेवून गेल्या. परत नेल्या तर विटाळ होईल म्हणून ठेवल्या, की आमच्यासाठी आणल्या होत्या म्हणून ठेवल्या, ते मला आजवर कळलेलं नाही. आम्ही त्या खाल्ल्या.

मी कणीक फोडली. हाड अलगद बाहेर आलं. मी उसवत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला हात रिकामे नव्हते. मायनं पहिला घास घेतला, सावकाश चावला आणि सांगितलं की मीठ कमी हाय. मग दुसरा घास मोठा घेतला. आम्ही दोघीच होतो, हंडी दहा माणसांची. मी इतकं खाल्लं की वसतिगृहातल्या दोन वर्षांचा उपास सुटला. हात धुवायला मी विहिरीवर गेले तेव्हा काकू पाटा धूत होत्या. घासून घासून, राखेनं, मग पाण्यानं, मग पुन्हा राखेनं. पण टाकी लागलेला दगड धुवून गुळगुळीत होत नाही. ते टवके तिथं वर्षानुवर्षं राहणार होते आणि त्या घरची चटणी माझ्या मायच्याच ठोक्यांवर वाटली जाणार होती. मला खरं सांगायचं तर ते बघून फार बरं वाटलं.

लोक मला म्हणतात, तुम्ही शिकलेल्या आहात, सोडून का देत नाही. शिकले म्हणूनच सोडत नाही. शिकल्यावर माणसानं काय काय सोडायचं याची यादी कुणी केली आहे ते मला ठाऊक आहे, त्यात त्यांच्या घरचं काहीच नसतं. ज्याला खायचं नाही त्यानं खाऊ नये, मी त्याच्या ताटात वाढणार नाही आणि लपवून तर कधीच वाढणार नाही. पण मी काय खाते ते मला विचारलं तर खालच्या आवाजात उत्तर मिळणार नाही. मला बघायला आलेल्या पहिल्या दोन स्थळांना मी हे चहाबरोबरच सांगितलं. ते गेले. तिसरा थांबला आणि हंडीला बाभळीच का लागते ते विचारत बसला. तोच हल्ली लाकडं सांगून ठेवतो.

त्या रविवारी संध्याकाळी मी खोली रिकामी केली. सामान असं किती होतं. एक वळकटी, एक ट्रंक, पुस्तकांचं एक पोतं. उद्यापासून हिंगोलीहून जीपनं शाळा गाठायची होती, पहाटे उठून. काकू दारात आल्या नाहीत. दिवस मावळायच्या आधीची जीप मिळाली. हिवाळ्यात रविवारी या जीपला नेहमी गर्दी असते. ट्रंक टपावर गेली. मागच्या भागात समोरासमोरच्या बाकांवर सहा-सहा माणसं दाबून बसली होती, मधे पिशव्या, कोंबड्यांची एक दुरडी, आणि पाठीमागं लोंबकळणारे वेगळे. मी एका कुल्ल्यावर टेकले होते. मायचे गुडघे तिच्या छातीशी आले होते आणि मांडीवर फडक्यात गुंडाळलेली हंडी होती, निम्म्याहून जास्त भरलेली, अजून गरम.

गाडी सुटली आणि सगळ्या जीपमध्ये वास भरला. माणसं दमलेली, भुकेली होती. कुणी मान वळवली, कुणी गिळलं. समोरच्या फेटेवाल्या म्हाताऱ्याला राहवलं नाही. तो पुढं वाकून मायला म्हणाला, “काय हाय वो मावशे हंडीत? नुस्त्या वासानं भूक खवळून राहिली.”

माय बाहेर बघत होती. रस्त्याकडेच्या ज्वारीत तिला अचानक काय दिसलं होतं कोण जाणे. हंडी माझ्या हातची होती.

“डुकराचं आहे, बाबा,” मी म्हटलं. दुपारपेक्षा आवाज सरळ निघाला. “घेता का घासभर?”

म्हातारा मागं सरकला. माझ्या शेजारची बाई इतकी सरकली की पलीकडच्याच्या मांडीवर बसायची बाकी राहिली. पुढच्या फाट्यावर जीप थांबली तेव्हा आमच्या बाकावरचे दोघं उतरले आणि थंडीत टपावर जाऊन बसले. समोरचा एक मागं लोंबकळायला गेला.

बाकावर जागाच जागा झाली. मायनं हंडी शेजारी ठेवली, पदर सारखा केला आणि दोन्ही पाय लांब केले.

“नीट टेकून बस, सुनिते,” ती म्हणाली. “पाय पसर. हिंगोली लांब हाय.”